जोड हवा घेतोय

तन्वीर : एखाददुसरा पार्ट परत आला असता तर मी बोललो नसतो, चनमल्लप्पाकाका. अख्खा खोकाच उलटा पाठवला? काय चेष्टा लावलीय?

चनमल्लप्पा : चेष्टा मी कशाला करू? रिक्षावाले माझी करूलालेत. सकाळी दुकानाचं शटर वर केलं की बोहनीच्या आधी दारात उभे. “मालक, तुमच्या मॅनिफोल्डनं आमचं वाटोळं केलं.” सिद्धेश्वराच्या फोटोला उदबत्ती लावायची सवड देईनात.

तन्वीर : पण तक्रार काय आहे नेमकी?

चनमल्लप्पा : हवा घेतोय. दुसरं काय? इंजिन आन कार्बोरेटरच्या मधला जोड हाय तो, त्यातनं पेट्रोल-हवा मापात आत जायला पायजे. तुझा जोड बाजूनं फुकटची हवा ओढूलालाय. सिग्नलला गाडी उभी केली की रेस आपोआप वाढती, मग भुसकन बंद. चढाला लावली की सायलेन्सरात फटाके. आतली सवारी कानात बोटं घालून बसती.

तन्वीर : बसवणारे मेस्त्री कोण? पॅकिंग हलकं घातलं असणार.

चनमल्लप्पा : मेस्त्री सगळे येगळे, गाड्या येगळ्या, रडगाणं तेवढं एक. आन पॅकिंग माझ्याच दुकानातलं हाय बरं का.

तन्वीर : मग नट नीट आवळले नसतील.

चनमल्लप्पा : आवळून आवळून एका पार्टचा नट बसतो तो कान तुटला. ह्यो बघ, हातात आलाय. आनखी किती आवळायचं?

तन्वीर : काका, डबीवर नाव बघा. सना इंजिनिअरिंग. लेकीचं नाव घातलंय मी. विजापूर वेशीतल्या दुकानानं माल घ्यायचा बंद केला. काल अक्कलकोटवरून फोन, पाठवू नका म्हणून. तुम्ही पण हात वर केले तर मी शेडला कुलूपच लावतो की.

चनमल्लप्पा : मी हात वर केले न्हाईत बे. केले असते तर तुला बोलवून घेतलं असतं का? पर दुकानावर एकदा बोट दाखवलं की बोट दाखवायची सवय लागती लोकांना.

तन्वीर : कास्टिंगवाल्यानं काहीतरी गडबड केलीय. हलकं ॲल्युमिनियम घातलं असणार त्यानं. नायतर असं एकदम...

चनमल्लप्पा : नाचता येईना अंगण वाकडं. कास्टिंगला भोकं हाईत का? चीर हाय? न्हाय ना? मग त्या बिचाऱ्याला कशाला मधी ओढतोस? हिकडं ये. काउंटरच्या काचेवर ठेव पार्ट. तोंड खाली कर, जे इंजिनाला चिकटतं ते. हां. आता पलीकडनं मोबाइलची बॅटरी लाव आन हिकडनं वाकून बघ.

तन्वीर : बघतो की.

चनमल्लप्पा : काय दिसतंय?

तन्वीर : ...उजेड येतोय.

चनमल्लप्पा : कुटनं येतोय?

तन्वीर : दोन्ही कडांनी. मध्ये टेकलंय आणि कडा वर आहेत. दुसरा द्या.

चनमल्लप्पा : घे. कुटलाबी घे, माझ्याकडनं निवडून नको.

तन्वीर : ह्याला पण आहे. ह्याला पण. अरे, असं कसं? मशीनवरून काढायच्या आधी मी स्वतः पट्टी लावून बघतो. सुईएवढी फट नसते.

चनमल्लप्पा : मशीनवर असताना नसती. मशीनच्या चकात, त्या पकडीत, तू त्याला कसा धरतोस?

तन्वीर : घट्ट. चकाच्या चावीला जोर यायला पाइप घालून आवळतो. हलला तर टूल तुटतं.

चनमल्लप्पा : पातळ पार्ट हाय तो. तू त्याचा गळा दाबून त्याला सपाट करतोस. गळा सोडला की तो श्वास घेतो आन त्याचं पोट वर येतं. हितं येऊन पोचतो तेव्हा तो तुझ्या पट्टीखालचा पार्ट ऱ्हायलेलाच नसतो.

तन्वीर : पण काका, हे काय आज नाही. पहिल्या दिवसापासून मी असाच आवळतोय. मशीन तेच, चक तोच, कास्टिंग त्याच भट्टीतलं. दोन वर्षं तुमच्याकडून एक तक्रार नाही. तुम्हीच म्हणायचात, कंपनीच्या पार्टला मागं टाकलंस म्हणून. मग ते कसे बसत होते?

चनमल्लप्पा : च्या घेणार?

तन्वीर : नको. सांगा.

चनमल्लप्पा : घे की. कडक सांगतो.

तन्वीर : काका, माझा जीव जातोय आणि तुम्ही चहाचं काय घेऊन बसलात?

चनमल्लप्पा : तुझा खोका अक्कलकोट रोडच्या शेडातनं माझ्या दुकानापत्तोर कोण आणायचं?

तन्वीर : अब्बा आणायचे.

चनमल्लप्पा : आन बडेसाबला लकवा मारल्यापास्नं?

तन्वीर : टेंपोत घालून देतो मी. त्याचा इथं काय संबंध?

चनमल्लप्पा : तेवढंच बदललंय बघ.

तन्वीर : टेंपोत आदळून वाकतात म्हणता?

चनमल्लप्पा : अय्यय्यो! ॲल्युमिनियम हाय ते, कोंबडीची अंडी न्हाईत.

तन्वीर : मग?

चनमल्लप्पा : तुझ्या बापानं मला शपथ घातलीय रे. ह्याच स्टुलावर बसून. सिद्धेश्वराच्या देवळाकडं माझं तोंड फिरवलं आन म्हनला, घे शपथ, तन्वीरला सांगणार न्हाय. मी म्हनलं, अरे बडेसाब, तुझं दैवत येगळं, माझं येगळं. तर म्हनला, तुला ज्याचं भ्या वाटतं त्याचीच घे, माझ्यावाल्याला तू काय भितोस?

तन्वीर : कसली शपथ?

चनमल्लप्पा : आता मोडतोच. सिद्धेश्वर बघून घेईल माझं काय करायचं ते. तुझे पार्ट पयल्यापास्नं हवा घेत व्हते, तन्वीर. पयल्या डबीपास्नं. तुझ्या शेडातनं निघालेला एकबी पार्ट कधी सपाट न्हवता.

तन्वीर : काहीतरीच बोलू नका.

चनमल्लप्पा : बडेसाब खोका उचलायचा आन सरळ घरी न्यायचा. तुमच्या नई जिंदगी वस्तीतल्या घरी, मागच्या पडवीत. जाड काच अंथरायची, तिच्यावर पॉलिश पेपर, वर पाण्याचा शिपका. आन एकेक पार्ट घासत बसायचा, ही फट मिटस्तोर. समदे. मग डबीत पैल्यासारखे भरून माझ्याकडं आणून द्यायचा, दुसऱ्या दुकानांचा मालबी हितनंच जायचा. मी बॅटरी लावून बघायचो. उजेड दिसला तर परत घरी. टेंपोचा माल मी न बघता विकला, वाटलं बापानं आता तरी तुला सांगितलं आसंल.

तन्वीर : अब्बा?

चनमल्लप्पा : तुझा अब्बा.

तन्वीर : अब्बांनी जन्मभर रिक्षा चालवली, काका. त्यांना कानस कशी धरतात ते माहीत नाही.

चनमल्लप्पा : न्हवतंच म्हाईत. सुरुवातीला एका अंगाला दाब जास्त द्यायचा, फट मिटायची सोडून तिरकी व्हायची. कितीतरी पार्ट त्यानं आनखी बिघडवले. ते मी भंगारात घातले, आन विकले म्हनून तुला सांगितलं. बोटांची सालटं निघाली त्याची. मी म्हनलं, बडेसाब, ह्या वयात हे काय मांडलंयस? मदिनाबी मला शिव्या घालंल. तर म्हनला, तीच पाणी शिपडती.

तन्वीर : अम्मीला पण माहीत होतं. म्हणजे मी एकटाच...

चनमल्लप्पा : तू एकटाच.

तन्वीर : पण त्यांना कळलं कसं, पार्ट हवा घेतोय म्हणून?

चनमल्लप्पा : तू पयला पार्ट काढलास तो कुणाच्या रिक्षाला बसवला?

तन्वीर : त्यांच्याच. रिक्षाला हार घातला होता त्यांनी. मला म्हणाले, होटगी स्टेशनापर्यंत जाऊन येतो, सगळ्यांना दाखवतो.

चनमल्लप्पा : गेला. येताना आसरा चौकात बंद पडली. तितनं ढकलत आणली माझ्या दुकानापत्तोर, हार तसाच गळ्यात. रिक्षाच्या म्हनतोय मी. घामानं भिजलेला. हितं बसला आन पयलं वाक्य काय? “पोराचा पयला पार्ट हाय, चनमल्लप्पा. कुणाला बोलू नको.” गाडीचं काय झालं ते मागनं सांगितलं.

तन्वीर : मला का नाही सांगितलं? मी ऐकलं असतं.

चनमल्लप्पा : सांगायला आलता तुझ्याकडं.

तन्वीर : कधी?

चनमल्लप्पा : दुसऱ्याच दिवशी. शेडात तुझी गिऱ्हाइकं बसलेली. ह्यानं नुसतं “बेटा, त्या पार्टचं जरा” म्हनलं, तर तू म्हनलास, “अब्बा, तुम्ही रिक्षाचं बघा, मशीनचं मला शिकवू नका.” समदे हसले म्हनं.

तन्वीर : मी असं म्हणालो?

चनमल्लप्पा : त्यो तसं सांगत व्हता. रागानं न्हाय. हसत हसत सांगितलं त्यानं. हसत सांगितलं म्हनून तर माझ्या ध्यानात ऱ्हायलं.

तन्वीर : मला आठवत पण नाही, काका. म्हणालो असेन. तेव्हा मी सगळ्यांनाच काहीबाही बोलायचो. मोठा मालक झालो होतो ना.

चनमल्लप्पा : असू दे. उचलली जीभ लावली टाळ्याला, तरण्यापणी कुणाचं सुटलंय?

तन्वीर : नाही, असू दे नाही. ते खोका पोचवायला दोन-दोन दिवस लावायचे. मी विचारलं की म्हणायचे, रस्त्यात जुने रिक्षावाले भेटतात, गप्पात वेळ जातो. एकदा माल इथं उशिरा पोचला म्हणून मी भडकलो. सगळ्या कामगारांपुढं बोललो त्यांना.

चनमल्लप्पा : काय बोललास?

तन्वीर : नको.

चनमल्लप्पा : बोल की. माझ्याजवळ न्हाय बोलणार तर कुणाजवळ?

तन्वीर : म्हणालो, जन्मभर परक्या माणसांना वेळेवर पोचवलंत, पोटच्या पोराचा माल तेवढा तुम्हाला ओझं होतोय.

चनमल्लप्पा : यप्पा... मग त्यो काय म्हनला?

तन्वीर : काही नाही. “आजच्याला पोचवतो” म्हणाले. खोका डोक्यावर घेतला आणि गेले. आणि मी काय केलं माहितीये? मागून ओरडून सांगितलं, आता तरी गप्पा मारत बसू नका.

चनमल्लप्पा : डोळे पूस. रिक्षावाले बघूलालेत बाहेरनं. न्हायतर पुसू नको, बघू देत. त्यांना वाटंल मी तुला माल परत केला म्हनून रडतोय.

तन्वीर : पेपर आहे का तुमच्याकडं? पॉलिश पेपर?

चनमल्लप्पा : हाय की. कशाला?

तन्वीर : हे सगळे मी घासणार आहे. इथंच. दाखवा मला, ते कसे घासायचे.

चनमल्लप्पा : बस मग. त्याच स्टुलावर बस. आधी तोंडावर मार्करनं रेघा मार, आडव्या उभ्या. आता पेपर वला कर. पार्ट ठेव आन आठाचा आकडा काढल्यागत फिरव. दाबू नको. अरे दाबू नको म्हनतोय न्हवं? त्याचंच वजन त्याला पुरं हाय.

तन्वीर : असं?

चनमल्लप्पा : आता उचलून बघ. रेघा कुटं पुसल्या?

तन्वीर : फक्त मध्ये. कडेच्या आहेत तशाच.

चनमल्लप्पा : म्हंजे मधला उंचवटा घासला, कडा अजून टेकल्याच न्हाईत. समद्या रेघा पुसल्या की झालं. मधी मधी पार्ट फिरवून धर, न्हायतर तुझ्या बापावानी तिरका करशील.

तन्वीर : एका पार्टला एवढा वेळ?

चनमल्लप्पा : एवढाच.

तन्वीर : आणि ते अख्खा खोका...

चनमल्लप्पा : फिरव. बोलत बसू नको.

तन्वीर : काका, हे चकाचं कारण, मी आवळतो म्हणून वाकतो हे, त्यांना माहीत होतं?

चनमल्लप्पा : मीच सांगितलं त्याला. पुढं म्हनलं, बडेसाब, एवढं एक वाक्य पोराला सांग, “पाइप काढ, हातानं आवळ,” आन ही हमाली संपव. तर म्हनला, हे मी त्याला सांगूच शकत न्हाय. का, ते बोलला न्हाय. मीबी खोदलं न्हाय.

तन्वीर : रेघा गेल्या. बॅटरी लावा.

चनमल्लप्पा : उजेड न्हाय. बसला.

तन्वीर : हात भरून आला माझा. एकातच.

चनमल्लप्पा : डॉक्टर काय म्हनतो बडेसाबच्या हाताचं?

तन्वीर : पाय येईल म्हणाले, हळूहळू. हात नाही येणार. बोलणं सुधारलंय बरंच. मी घरी जातो, काका. आत्ताच जातो. पाय धरतो त्यांचे.

चनमल्लप्पा : थांब. एक ऐकशील माझं? माल परत आल्याचं त्याला सांगू नको. परवा मी भेटायला गेलतो, तर डोळ्यानं तेच इचारत व्हता. म्हातारा घोरानं मरंल. चांगलं चाललंय म्हन, एकबी परत न्हाय म्हन. झाकली मूठ ऱ्हाऊ दे त्याची. एवढं दिवस त्यानं तुझं मन राखलं, आता तू त्याचं राख.

तन्वीर : खोटं बोलू म्हणता?

चनमल्लप्पा : मी दोन वर्षं बोललो. सवय व्हती.

(नई जिंदगीतलं घर. दुपार. बडेसाब खाटेवर भिंतीला उशा लावून टेकले आहेत. उजवा हात पांघरुणाखाली. तन्वीर आत येऊन पायाशी बसतो.)

बडेसाब : कामाच्या येळेला घरी? काय झालं?

तन्वीर : काही नाही, अब्बा. असाच आलो. जेवलात?

बडेसाब : तुझ्या अम्मीनं भरवलं. लहान पोराला भरवतात तसं. चनमल्लप्पाकडं गेलता?

तन्वीर : तिकडूनच आलो. सलाम सांगितलाय त्यांनी.

बडेसाब : माल कसा चाललाय?

तन्वीर : चांगला चाललाय.

बडेसाब : टेंपोनं जातो?

तन्वीर : हो. शेडातून थेट दुकानात.

बडेसाब : थेट. परत आला का काही?

तन्वीर : नाही, अब्बा.

बडेसाब : एखादा?

तन्वीर : एक पण नाही. तुम्ही घोर करू नका. काका म्हणाले, मागणी वाढलीय उलट.

बडेसाब : मशीन नवी घेतली का?

तन्वीर : नाही, तीच आहे.

बडेसाब : तू करतो तसाच करतो? पैल्यासारखा?

तन्वीर : तसाच. काही बदललं नाही.

बडेसाब : आन एकबी परत न्हाय.

तन्वीर : एकही नाही.

बडेसाब : हौ... बरं हाय मग. चांगलं हाय.

तन्वीर : अब्बा? पाणी देऊ?

बडेसाब : नक्को. जा तू कामाला. मला जरा पडू दे. भिंतीकडं कर माझं तोंड.

तन्वीर : अब्बा, काय झालं? रडताय का?

बडेसाब : डोळ्यातनं पाणी येतंय नुसतं. ह्या बाजूचा डोळा मिटत न्हाय, म्हनून येतंय. म्हाताऱ्याला वाटतं, आपण हाय म्हनून चाललंय समदं. गाडी आपणच ढकलूलालोय म्हनून. मागं वळून बघितलं तर गाडी आपली आपण चालली व्हती. उगंच व्हतं. माझं समदं उगंच व्हतं. तू जा.

तन्वीर : नाही, अब्बा. ऐका माझं. मी खोटं बोललो. सगळे परत आले.

बडेसाब : आता कायकू खोटं बोलतो? माझं मन राखायला?

तन्वीर : आधी बोललो ते खोटं होतं. हे खरं आहे. तुम्ही पडल्यापासून गेलेला एकूण एक पार्ट परत आला. विजापूर वेशीतल्या दुकानानं दार बंद केलं. अक्कलकोटनं बंद केलं. सगळे हवा घेतात, अब्बा. तुमच्याशिवाय माझा एक पार्ट बसत नाही. एक पण नाही.

बडेसाब : चनमल्लप्पानं शिकवून पाठवलं तुला, असं बोल म्हनून. मला कळतंय.

तन्वीर : काकांनी उलटं शिकवून पाठवलं होतं. तसं बोललो, तर तुम्ही भिंतीकडं तोंड केलंत. आता कशावर विश्वास ठेवाल तुम्ही?

बडेसाब : हिकडं ये. हात बघू तुझा.

तन्वीर : हा घ्या.

बडेसाब : उजेडाकडं कर. बोटं बघू. हे ऑइलचं काळं न्हाय. ऑइल असं फटीफटीत बसत न्हाय. हे पेपरचं काळं हाय.

तन्वीर : हो.

बडेसाब : साबणानं जात न्हाय ते. राखेनं जातं जरा.

तन्वीर : तुमच्या हाताला हेच असायचं. माझ्या सासरचे पाहुणे घरी आले, तेव्हा मी तुम्हाला म्हणालो, रिक्षा सोडली तरी हात काळेच, चहा देताना लाज वाटते. तुम्ही हात मागं घेतलात. मग चहा अम्मीनं दिला.

बडेसाब : माझ्याकडनं निगत न्हवतं ते. लई घासले त्या दिवशी.

तन्वीर : अब्बा, मारा मला. डाव्या हातानं मारा.

बडेसाब : पागल हाय का? सगळे परत आले म्हनतो?

तन्वीर : सगळे.

बडेसाब : समदेच्या समदे?

तन्वीर : समदेच्या समदे, अब्बा.

बडेसाब : हसू येतंय मला. पोराचा माल परत आला आन बाप हसतोय. अल्ला माफ करो. तुझ्या अम्मीला सांगू नको मी हसलो म्हनून. पेपर तीच धुवायची. परकराच्या आड दोरीवर वाळत घालायची, तुझ्या नजरेला पडू नयेत म्हनून.

तन्वीर : काका म्हणाले, चकाचं कारण तुम्हाला माहीत होतं. पाइप काढ एवढंच सांगायचं होतं. मला शिवी घालून सांगायचं. थोबाडीत मारून सांगायचं. ते तरी का नाही सांगितलं?

बडेसाब : कसं सांगू? आवळायला तुला कुणी शिकवलं?

तन्वीर : तुम्हीच.

बडेसाब : तू बारका व्हतास. माझ्या मांडीवर बसून रिक्षाचं हँडल धरायचास. होटगी रोडला माझं चाक निघालं. नट मीच बसवले व्हते, ढिले राह्यले. आत केम गावची एक म्हातारी व्हती, लेकीकडं चाललेली. दवाखान्यात नेईपर्यंत माझा हात धरून व्हती. गेली. तवापास्नं तुझ्या कानाशी एकच धोशा लावला, आवळ बेटा, आवळ. हातानं भागत न्हाय, पाइप घाल. ढिलं राह्यलं की माणूस मरतो.

तन्वीर : ती म्हातारी... तुम्ही हे कधी सांगितलं नाहीत.

बडेसाब : सांगण्यासारखं हाय का ते? तू शाळेचं दप्तरबी करकचून बांधायचास. जे सांगितलं ते ऐकत गेलास तू. मग आता मीच येऊन म्हनू, बेटा, ढिलं सोड? जे तुझ्या हाडात घातलं ते चूक व्हतं म्हनू? माझी चूक तुझ्या पार्टात आली. म्हनून म्हनलं, चूक माझी हाय, मीच घासतो.

तन्वीर : दोन वर्षं?

बडेसाब : घासताना बरं वाटायचं. पार्ट बसला की वाटायचं, चला, एक तरी नीट केलं. आता हा हात गेला. रोज पडल्यापडल्या मोजायचो, आज टेंपो गेला आसंल, आज कुणीतरी रस्त्यात बंद पडलं आसंल.

तन्वीर : एक पार्ट आणलाय मी. खिशात आहे. काकांच्या दुकानात एक झाला, निघता निघता घेतलेला हा अर्धाच राहिलाय. मला नीट जमत नाही, एका कडेला दाब जातोय.

बडेसाब : पयल्यांदा तसंच व्हतं. काच खाटेखाली हाय. पोत्यात गुंडाळलीय, सांभाळून काढ.

तन्वीर : ही? मधोमध पांढरी पडलीय की ही, अब्बा. पलीकडचं दिसत पण नाही.

बडेसाब : झिजली. पेपर अंथर. पाणी शिपड जरा. माझ्या मांडीवर ठेव ती. आता पांघरूण काढ आन माझा हात उचल. उजवा.

तन्वीर : अब्बा, त्या हातात...

बडेसाब : ठाव हाय मला. उचल. पार्टवर ठेव. बोटं मिट त्याची, एकेक कर. हां. आता त्याच्यावर तुझा ठेव.

तन्वीर : ठेवला.

बडेसाब : फिरव. आठ काढ. हळू. दाबू नक्को, बेटा... आता आवळू नक्को.

तन्वीर : असं बरोबर आहे?

बडेसाब : बसतंय का? माझ्या हाताला आता काय कळत न्हाय. तुझ्या हाताला कळलं की सांग.